गिटारला नवा रंग देताना : सुट्टीतला एक विज्ञानाचा पाठ



दिवाळीच्या सुट्टीत तुमची नववीतली मुलगी म्हणाली, "आई, मामाची गिटार मला हिरव्या रंगात हवीये," तर तुम्ही काय म्हणाल? मी म्हटलं, "अगं, चांगली आहे की! कशाला खराब करतेस?" वर्गात मुलांना प्रश्न विचारायला शिकवणारी मी, आणि घरी प्रश्न आला की उत्तर हे असं. त्या उत्तराचं पुढे काय झालं आणि त्यातून एक पाठ कसा उभा राहिला, ते आज सांगते.

गिटार माझ्या धाकट्या भावाची. इलेक्ट्रिक, लाल रंगाची. पहिल्या पगारात घेतलेली. एकदा स्टेजवर पडून कडेचा टवका उडालेला. माझ्या मते तो टवका म्हणजे आठवण, त्याला हात लावायचा नाही. शेवटी मुलीनेच मामाला फोन लावला. तो हसला आणि म्हणाला, "ताई, तो टवका दिसला की मला अजून वाईट वाटतं. भरून टाक म्हणावं!" जी भावना मी त्याची म्हणून जपत होते, ती माझीच होती. मुलांच्या बाबतीतही आपण असं किती वेळा करतो, बघा.

आधी चौकशी, मग रंग

एक गोष्ट मात्र तपासायलाच हवी होती. पन्नास-साठच्या दशकातल्या नामवंत गिटारींचा मूळ रंग काढला तर त्यांची किंमत खूपच घटते. जुनं नाणं घासून चकचकीत केल्यासारखं ते होतं. आमची गिटार कारखान्यातली साधी, तेव्हा ती भीती नव्हती. तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पॉलिशपेपर हातात घेऊ नका.

दुसरा प्रश्न मुलीचाच : "रंग बदलला तर आवाज बदलेल का?" इथे भौतिकशास्त्र कामी येतं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. म्हणून रंगाचा परिणाम इथे फार थोडा. साध्या, पोकळ गिटारचं तसं नाही. तिथे लाकडाची पातळ फळीच आवाज देते, त्यामुळे जाड रंग तिला जड करतो.

गिटार आणि मोटारींचा रंग

मुलांना ही गोष्ट फार आवडते. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार 1954 मध्ये बाजारात आली. पुढे कंपनी जादा पैसे घेऊन वेगवेगळे रंग देऊ लागली, आणि ते रंग होते ड्युपाँ कंपनीचे, मोटारींसाठी बनवलेले! 'लेक प्लॅसिड ब्लू' हा कॅडिलॅक गाडीचा रंग. त्यामुळे गिटार रंगवायला गाड्यांच्या गॅरेजमध्ये जाणं हा काही आमचा जुगाड नव्हता. ती जुनी रीत आहे.

गिटार रंगवणारेही थोडेथोडके नाहीत. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने 1967 मध्ये आपली फिकट निळी स्ट्रॅटोकास्टर चमकत्या रंगांनी स्वतः रंगवली. त्यात बायकोचं नेलपॉलिशसुद्धा वापरलं. त्याच बँडच्या जॉन लेननने 1968 मध्ये आपल्या एपिफोन कॅसिनो गिटारचा रंग पार काढून नुसतं लाकूड ठेवलं. एडी व्हॅन हेलनची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची गिटार 1978 च्या पहिल्या अल्बममुळे गाजली, आणि वर्षभरातच त्याने तिच्यावर सायकलचा लाल रंग चढवला. रंग देणं, रंग काढणं, रंगावर रंग चढवणं, तिघांनी तीन वेगळ्या वाटा धरल्या.

रंग वाळतो म्हणजे नक्की काय होतं?

गॅरेजमधल्या रंगारी काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "एनसी मारायचा की पीयू?" मुलगी माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. मग काकांनी जे समजावलं, तो म्हणजे भौतिक आणि रासायनिक बदलाचा धडाच होता.

एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. कापसातलं सेल्युलोज आणि नायट्रिक आम्ल यांपासून ते बनतं. ते थिनरमध्ये विरघळवून फवारतात. थिनर उडून गेलं की मागे पातळ थर उरतो. मिठाच्या पाण्यातलं पाणी उडून मीठ उरतं, तसंच. पुन्हा थिनर लावलं तर तो थर पुन्हा विरघळतो. हा भौतिक बदल. आपल्याकडच्या जुन्या कपाटांना चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात, तिथेही तत्त्व हेच.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. त्यात हार्डनर मिसळावा लागतो. दोघांची अभिक्रिया होऊन नवाच पदार्थ तयार होतो. इडली एकदा उकडली की परत पीठ होत नाही, तसा हा थर परत विरघळत नाही. हा रासायनिक बदल. पीयू टणक आणि टिकाऊ. एनसी पातळ आणि नाजूक, वर्षांनुवर्षांनी पिवळसर पडतो, बारीक तडेही जातात.

गिटारवरचा जुना रंग कोणता, हे कळण्यासाठी काकांनी आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी थिनरचा कापूस दाबला. रंग सुटला नाही. म्हणजे जुना थर न विरघळणारा. तो घट्ट बसलेला होता, म्हणून पूर्ण उतरवायची गरजच नव्हती. घासून खरखरीत केला की नवा रंग धरतो. वरून एनसी द्यायचं मुलीने ठरवलं. कारण विचारलं तर म्हणाली, "पुढे दुरुस्त करता येईल." हे वाक्य लक्षात ठेवा.

कामाचे टप्पे

1. सगळ्या बाजूंनी फोटो काढले. आतल्या वायरींचा मुलीने वहीत आराखडा काढला.
2. तारा सैल करून काढल्या. मान चार स्क्रूंनी जोडलेली होती, ती सोडवली. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पाकिटात, वर नाव.
3. टवक्यात लांबी भरली. वाळल्यावर 320 नंबरच्या पॉलिशपेपरने सगळं अंग घासलं. हे मुलीने अंगणात, तोंडाला मास्क लावून केलं.
4. मान बसते त्या खाचेत मास्किंग टेप लावली. तिथे रंगाचा थर चढला तर मान नीट बसत नाही.
5. पुढचं सगळं काकांचं : प्रायमर, मग रंगाचे पातळ हात, मग पारदर्शक लॅकरचे हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात.
6. थर पक्का वाळल्यावर पाण्याबरोबर 1000, 1500, 2000 अशा चढत्या नंबरचे पेपर मारून शेवटी पॉलिश.

हवा कोरडी असेल तेव्हाच हे काम काढा. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंगावर पांढरट छटा येते. पावसाळ्यात कोकणात हा उद्योग करू नका!

आणि मग घाई झाली

काकांनी बजावलं होतं, "महिनाभर हात लावायचा नाही. वरून वाळल्यासारखं दिसेल, पण आतून ओलंच असतं." आम्ही शेवटचा टप्पा बाकी ठेवून गिटार घरी आणली. दहा दिवसांनी शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मुलीने गिटार जोडली, वाजवली, टाळ्या मिळवल्या आणि रात्री रबरी पाय असलेल्या स्टँडवर ठेवली. सकाळी पाहिलं तर हिरव्या रंगात रबराचे दोन खड्डे.

ती रडली. मी रागाने म्हणाले, "चल, त्या काकांना विचारू, कसला रंग दिला हा!" तीच म्हणाली, "आई, त्यांनी सांगितलं होतं. आपणच ऐकलं नाही." मी गप्प झाले. संमेलनाला गिटार न्यायला मीच तर हो म्हटलं होतं.

आम्ही काकांकडे गेलो आणि चूक कबूल केली. त्यांनी खड्डे घासले, तेवढ्याच भागावर पुन्हा हात मारला. एनसी असल्यामुळे नव्या हातातल्या थिनरने खालचा थर थोडा विरघळला आणि दोन्ही एकजीव झाले. पुस्तकातला भौतिक बदल तिथे डोळ्यांनी दिसला. पीयू असता तर नवा थर जुन्यावर नुसता बसला असता आणि जोड लपवणं अवघड गेलं असतं. यावेळी महिना मोजून थांबलो. कॅलेंडरवर खुणा मुलीनेच केल्या.

पालकांनी हे पाळाच

- फवारणी मुलांकडून करून घेऊ नका. एनसी आणि थिनर अतिशय ज्वलनशील आहेत. पीयूच्या हार्डनरमधली आयसोसायनेट्स फुप्फुसांना घातक असतात, तिथे कापडी मास्क कामाचा नाही.
- घासणं, मोजणं, आराखडा काढणं, पाकिटांवर नावं घालणं ही कामं मुलांना द्या.
- सोल्डरिंग मोठ्यांच्या देखत. त्यात शिसं असू शकतं, नंतर हात साबणाने धुवा.
- एनसी दिलेलं वाद्य रबरी स्टँडवर ठेवू नका. रंग वाळल्यावरही रबराने तो खराब होतो.

वर्गात घेण्यासाठी

गिटार नसली तरी चालेल. मिठाचं पाणी ताटलीत सुकवा आणि शेजारी उकडलेलं अंडं किंवा इडली ठेवा. विचारा : यातलं काय पूर्ववत होईल? मग नेलपॉलिश आणि रिमूव्हर दाखवा. नेलपॉलिशमध्येही बहुधा नायट्रोसेल्युलोजच असतं! शेवटी मुलांना लिहायला सांगा : "माझ्या घरातली कोणती जुनी वस्तू बदलावी, आणि बदलण्याआधी कोणाला विचारावं?"

आता हिरवी गिटार कोपऱ्यात कापड गुंडाळलेल्या स्टँडवर उभी असते. मामा परवा आला होता. टवका कुठे होता ते त्याला शोधूनही सापडलं नाही. मला मात्र अजून बरोबर सांगता येतं.