अभंगाची दक्षिणयात्रा आणि अरुणा साईराम

पौष वद्य एकादशी जवळ आली, की निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी दिंड्या येऊ लागतात आणि गल्लीगल्लीतून टाळमृदंगाचा नाद उठतो. हे अभंग ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. त्यामुळे अभंग ही केवळ आपल्या घरची ठेव आहे आणि परप्रांतीयाने तो गायिला तर ते एक कौतुक, असा आपला समज असतो. हा समज कितपत खरा आहे, हे एका कर्नाटक संगीत गायिकेच्या जीवनाच्या आधाराने पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

अरुणा साईराम यांचा जन्म १९५२ साली मुंबईत एका तमिळ कुटुंबात झाला. आई राजलक्ष्मी सेतुरामन या स्वतः गायिका. पहिले धडे अरुणाबाईंना आईकडूनच मिळाले. घरात संगीतकारांची ये-जा असे. त्या काळी माटुंगा परिसरात दक्षिणेकडील कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली होती. भजने, उत्सव, मैफली यांमुळे तेथे एक छोटा दक्षिण देशच उभा राहिला होता. षण्मुखानंद सभेची स्थापनाही १९५२ सालचीच. म्हणजे घरात त्यागराज आणि दाराबाहेर तुकाराम, अशा दुहेरी संस्कारात ही मुलगी वाढली.

त्यांच्या गायनाला खरे वळण दिले ते टी. वृंदा यांनी. वृंदा या थोर वीणावादक वीणा धनम्माळ यांची नात. या घराण्याची खासियत म्हणजे क्षेत्रय्याची पदे. पद अतिशय विलंबित लयीत गायचे असते. त्यात तानांची आतषबाजी नसते. एका स्वरावरून दुसऱ्या स्वराकडे जाताना येणारा गमकच सारा अर्थ सांगतो. उतावळ्या गायकाला हे साधत नाही. पुढे के. एस. नारायणस्वामी यांसारख्या वीणावादकांचे मार्गदर्शन त्यांनी घेतले, तसेच युजीन रॅबिन या पाश्चात्त्य शिक्षकाकडे आवाजाची साधनाही केली.

आता अभंगाकडे वळू. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर येथे भोसल्यांचे राज्य स्थापिले. ते १८५५ पर्यंत टिकले. या राजवटीत मराठी भाषा कावेरीकाठी रुजली आणि तिच्यामागून मराठी कीर्तनकारही गेले. त्यांच्या कीर्तनाचा आदर्श पुढे ठेवून एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते त्या हरिकथेत सामावली गेली. तेव्हा तमिळ गायिकेने अभंग गाणे ही अपूर्व घटना नव्हे. अभंग तेथे पूर्वीच बिऱ्हाड करून राहिला होता!

संगीताच्या दृष्टीनेही हा मेळ स्वाभाविक आहे. आपला भजनी ठेका आठ मात्रांचा आणि कर्नाटक संगीतातील आदितालही चार, दोन, दोन अशा विभागणीने आठच अक्षरांचा. त्यामुळे मृदंगम् वाजविणारा कलाकार अभंगाच्या साथीत सहज मिसळतो. मोठ्या अभंगाच्या चरणाची सहा, सहा, सहा, चार ही अक्षररचना गायकाला चौथ्या खंडानंतर श्वास घ्यायला आणि नाम आळवायला जागा देते. अरुणाबाई ही जागा वाया दवडीत नाहीत. पदाच्या तालमीत मुरलेला गमक त्या तेथे वापरतात, पण शब्द मोडू देत नाहीत.

त्यांच्या मैफलीत वर्णम्, कृती, रागम्-तानम्-पल्लवी असा शिस्तबद्ध प्रवास झाल्यावर उत्तरार्धात अभंग येतो. यावर एक आक्षेप संभवतो. श्रोत्यांना खूश करण्यासाठी शेवटी सोपी चीज गाणे, ही शास्त्राशी तडजोड नव्हे काय? आक्षेप अगदीच गैरलागू नाही. टाळ्यांचा मोह भल्याभल्यांना पडतो. परंतु ज्या गायिकेने आधी रागाचा सविस्तर विस्तार केला आहे, तिच्या अभंगातील साधेपणा हा अज्ञानाचा नसतो. ते निवडलेले साधेपण असते. वारकऱ्याच्या गळ्यातून उमटणारा अभंग श्रद्धेने उभा राहतो, तर अरुणाबाईंचा अभंग श्रद्धेला साधनेची जोड देतो. यातील एक श्रेष्ठ व दुसरा कनिष्ठ असे ठरविण्याचे कारण नाही.

मुंबईत वाढलेल्या गायिकेला कर्नाटक संगीताच्या माहेरघरी, चेन्नईत, मान्यता मिळणे सोपे नव्हते. ती उशिराच आली, पण भरभरून आली. २००९ साली पद्मश्री, २०११ साली लंडनच्या बी.बी.सी. प्रॉम्स महोत्सवात गायन आणि २०१८ साली मद्रास म्युझिक अकादमीचा संगीत कलानिधी हा सन्मान. अशा सर्वोच्च स्थानी पोहोचलेल्या गायिकेच्या मैफलीत मराठी अभंगाने आपली जागा राखली, हे विशेष.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपल्या गावच्या समाधीसमोर अभंग रोज ऐकू येतो, म्हणून तो आपल्याला येतो असे आपण धरून चालतो. परभाषेच्या घरात जन्मलेल्या एका मुलीने मात्र तो शिकून घेतला. वारसा जन्माने मिळतो हे खरे, पण टिकतो तो मेहनतीने. यंदाच्या यात्रेत एखाद्या दिंडीमागे चार पावले चालताना, आपण अभंग नुसता ऐकतो आहोत की शिकतोही आहोत, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावा.