पोर्टफोलिओ नावाचा दाखला

आमच्या जासईत नोकरी आणि दाखला यांचे नाते जुने आहे. सिडको आली, बंदर आले, जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये याच गावच्या दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले. आणि पुढे ज्या घरांना बंदरातील चाकरीची आशा होती, त्यांनी प्रकल्पग्रस्ताचा दाखला सातबाऱ्याइतक्याच निगुतीने पेटीत जपला. त्याच संस्कारामुळे की काय, संगणकाची पदवी घेतलेली येथील मुले माझ्याकडे येतात ती हाच प्रश्न घेऊन, की ‘दादा, पोर्टफोलिओ नसला तर नोकरी मिळणारच नाही का?’

उमेदवारीच्या काळात मीही स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ हौसेने उभारले होते. परंतु नवपदवीधरांची घाऊक भरती करणाऱ्या कंपन्यांत प्रथम गुणांची अट, मग अभियोग्यता चाचणी, मग मुलाखत असा ठरीव क्रम असल्याने, ते उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. आज मेजाच्या पलीकडे बसून अर्ज वाचताना मीही गिटहबवरील हिरव्या चौकोनांच्या गर्दीने भारावत नाही. लहान कंपनीत, किंवा ज्यांचे काम पडद्यावर दिसते त्या फ्रंटएंडवाल्यांच्या बाबतीत, गोष्ट अर्थात निराळी. तिथे काही तरी दाखवावेच लागते.

मात्र ते ‘काही तरी’ हवामानाचे अ‍ॅप नसावे. ते (क्षमा असावी) सर्वांकडेच असते. आमच्या यार्डांत रचलेल्या कंटेनरवर चार अक्षरे, सहा अंक आणि शेवटी चौकटीत एक अंक असतो. अक्षरांना ११ च्या पटी वगळून १० पासून किमती द्यायच्या, प्रत्येक स्थानाला १, २, ४, ८ अशा दुपटीने गुणायचे, बेरजेला ११ ने भागायचे. उरलेली बाकी म्हणजे तो अंक. क्रमांक टिपताना झालेली चूक पकडणारा एवढाच प्रोग्राम गावातील एका मुलाने लिहिला. ‘बाकी १० आली तर?’ असे मी मुद्दाम विचारले. त्याने सांगितले, की तिथे शून्यच लिहितात, त्यामुळे काही चुका निसटतात, आणि म्हणून असे क्रमांक टाळण्याची शिफारस आहे. मुलाखतीत मला ऐकायचे असते ते हे.

अनुभवी मंडळींना पोर्टफोलिओ नसला तरी कोणी आक्षेप घेत नाही, कारण वेगळा करार नसेल तर नोकरीत लिहिलेला कोड १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये मालकाचा असतो. माझ्या परिचयातील एकाने कंपनीचा कोड स्वतःचा म्हणून सार्वजनिक केला, त्यात डेटाबेसचा पासवर्डही गेला. घाईघाईने ती ओळ खोडली, पण गिटच्या इतिहासात ती तशीच राहिली. असा प्रसंग ओढवलाच, तर प्रथम वरिष्ठांना कळवून पासवर्ड बदलून घ्यावा आणि इतिहास साफ करण्याचे काम त्यानंतर हाती घ्यावे.