गोठा बांधण्यापूर्वी मालाचा पर्यावरणीय हिशेब मांडा

गोठा, कांदाचाळ किंवा गोदाम बांधताना आपण विटा, सिमेंट व वाळूचा खर्च रुपयांत काढतो. परंतु या मालापायी जमीन, इंधन व पाणी किती खर्ची पडले, हे पाहत नाही. विटांची माती तर पुष्कळदा शेतातूनच जाते. म्हणून अंदाजपत्रक करतानाच पुढील आकडे मांडावेत.

हिशेबाची रीत

युरोपात २०१२ मध्ये निघालेल्या ई.एन. १५८०४ या मानकानुसार कारखानदार आपल्या बांधकाम मालाचे पर्यावरणविषयक घोषणापत्र तयार करतात. त्यात उत्पादन, वाहतूक व बांधणी, वापर आणि शेवटची मोडतोड अशा टप्प्यांनुसार ऊर्जा, पाणी, वायू व कचऱ्याचे आकडे मांडतात. टप्प्याटप्प्याने पाहण्याची हीच रीत आपल्या गोठ्यालाही लागू पडते.

विटांची माती

एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सें.मी. थरात सुमारे २२.४ लाख किलो, म्हणजे गुंठ्याला सुमारे २२,४०० किलो माती धरतात. भाजलेली वीट साधारण ३ किलो भरते. त्यामुळे १०,००० विटांचे वजन ३०,००० किलो होते. भाजताना येणारी घट धरल्यास सुमारे दीड गुंठ्याचा थर त्यात जातो. सेंद्रिय कर्ब व उपयुक्त जिवाणू याच थरात सर्वाधिक असतात. मातीचे रोख पैसे मिळाले, तरी गेलेला थर खताच्या गोणीने भरून येत नाही.

फ्लाय अ‍ॅश विटांत औष्णिक वीज केंद्राची राख वापरतात. त्या भट्टीत न भाजता पाणी मारून पक्क्या करतात. चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ या केंद्रांच्या परिसरात त्यांचा विचार जरूर करावा. कोकणातील जांभ्याचा चिराही भाजावा लागत नाही; मात्र त्याच्या खाणीची जागा उघडी पडते, हे विसरू नये.

सिमेंटची निवड

सिमेंटसाठी चुनखडी भाजतात. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. इंधनाचा धूर वेगळाच. पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असल्याने भाजलेला क्लिंकर कमी लागतो. हे सिमेंट सावकाश ताकद धरते. म्हणून किमान १० दिवस, कडक उन्हाळ्यात १४ दिवस पाणी मारावे. त्यात हयगय केल्यास बांधकाम लवकर खराब होते व मिळालेला फायदा वाया जातो.

तुलना करताना

१. एका विटेची नव्हे, तर एक चौरस मीटर तयार भिंतीची तुलना करावी.
२. बांधकाम किती वर्षे टिकेल हे धरावे. १५ वर्षांत मोडणारा गोठा ३० वर्षांत दोनदा बांधावा लागतो, म्हणजे मालही दुप्पट लागतो.
३. माल किती किलोमीटरवरून येणार ते लिहावे. लांबच्या वाहतुकीत डिझेल जळते.
४. जुना दगड, लाकूड, पत्रे यांतील काय पुन्हा वापरता येईल ते आधी पाहावे.

थोडक्यात, सर्वांत स्वस्त माल तोच सर्वांत परवडणारा असे नाही. निदान विटांसाठी आपल्या शेताचा वरचा थर विकण्यापूर्वी दीड गुंठ्याचा हा हिशेब अवश्य करावा.