धुराची जबानी

हळदीच्या हंगामात जवळा बाजारहून पोती लादून वसमतच्या मोंढ्याकडे निघणारा माझा टर्बोचा जुना ट्रक सपाटीवर एकदा वेग धरल्यानंतर फारशी कुरकूर न करता चाले, परंतु फाट्यावर वा गतिरोधकापाशी थांबून पुन्हा निघू लागला की कितीही रेस दिली तरी पिकअप म्हणून घेत नसे. 'मालक, गाडी वढतच नाही बघा,' एवढीच चालकाची कैफियत. इंजिनाचे फेरे वाढूनही गाडी रेंगाळली असती तर संशय क्लचप्लेटवर गेला असता, आणि एखाद्या चाकाच्या ड्रमाची धग दुरूनच जाणवली असती तर ब्रेक चिकटल्याची रुजवात तेथल्या तेथे झाली असती. येथे इंजिनच चढायला तयार नव्हते.

अशा वेळी धुराची जबानी घेण्याचा आपल्याकडे जुना दस्तुर आहे : काळा धूर निघाला तर डिझेल आहे पण वारा अपुरा, निळा निघाला तर ऑइल जळते, आणि दम नसूनही धूर नाही तर डिझेलच पोहोचत नाही. माझ्या ट्रकाला धूर नव्हता. त्यावरून एका मिस्त्रींनी, तर्काच्या दृष्टीने अगदी रास्तपणे, डिझेल फिल्टर बदलले, एअर काढली आणि अखेरीस पंप उतरवून तपासणीस पाठविला. पंप निर्दोष ठरून परतला, खर्चाची तोशीस मात्र मला पडली.

खरे कारण टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होजच्या पोटाशी होते. क्लॅम्पच्या लगत, एका ब्रॅकेटवर घासून, खालच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी चीर पडली होती. इंजिन बंद असताना तिच्या कडा घट्ट मिटलेल्या, आणि भारावर दाब चढू लागला की उघडणाऱ्या. भोवती तेलकट काजळीचा पट्टा उमटला होता, तेवढाच काय तो पुरावा. आता या जातीच्या पंपावर एक पडदा असतो, आणि मॅनिफोल्डमधील वाऱ्याचा दाब चढेल त्या मानाने तो डिझेलचे माप वाढू देतो; वारा चिरेतून निसटल्यावर पडदा हलला नाही, पंपाने हात राखून डिझेल दिले, आणि म्हणूनच धूर झाला नाही. पंपाने हुकमाची तामिली केली, इतकेच.

तेव्हा पंपाच्या बोल्टाला पाना लावू देण्यापूर्वी वाऱ्याची वाट तपासून घ्यावी. प्रथम एअर फिल्टर, कारण जिनिंगच्या आवारात आणि मळणीच्या दिवसांत कापसाचा तंतू व भुसा त्यात इतक्या लवकर साचतो की ठरल्या किलोमीटरांचा हिशेब तेथे लागू पडत नाही. मग इंजिन गार असताना प्रत्येक होज उतरवून, उलटी करून, हाताने वाकवून पाहावी, आणि पंपाच्या पडद्याकडे जाणारी बारीक नळी तडकलेली नाही याचीही खातरजमा करावी. गॅरेजात न्यूट्रलवर रेस देऊन फारसे निष्पन्न होत नाही. भार नसला की दाब चढत नाही, म्हणून मिस्त्रींना भरल्या गाडीत शेजारी बसवून चढावर न्यावे आणि रेस देताना फुसफुसाट होतो का ते ऐकावे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांत संगणक दाब कमी पडल्याची नोंद करतो खरा, पण चीर कोणत्या होजला आहे हे तो सांगत नाही, आणि सेन्सर बदलून मोकळे होण्याची घाई तेथेही होऊ शकते.

होज बदलताना क्लॅम्पही नवे घ्यावेत, आणि जेथे घासले तेथे होजची बैठक सरकवून ब्रॅकेटपासून अंतर राखावे. नाहीतर नवी होजही त्याच जागी कापली जाते.