बोलोन्याचे विद्यार्थिराज्य

घर सोडून परगावी शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यातच कळून येते की, विद्या मिळविणे हे पुढचे काम आहे. आधी डोक्यावर छप्पर हवे, आजारात कोणी विचारणारे हवे आणि अडीअडचणीला चार पैसे हवेत. आमच्या वसतिगृहातील मुलांना ह्या गोष्टी आयत्या मिळतात, म्हणून त्यांचा विचार त्यांच्या मनाला शिवत नाही. परंतु इटली देशातील बोलोन्या नगरात आठशे वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांनी ह्याच गोष्टींसाठी आपला संघ उभारला, आणि त्या संघाचेच पुढे विद्यापीठ झाले. ती हकीकत आमच्या वाचकांस सांगावी असे आम्ही योजिले आहे.

बाराव्या शतकात बोलोन्यास रोमन कायद्याच्या अध्ययनाला मोठा बहर आला होता. जर्मनी, फ्रान्स, स्पेन, इंग्लंड इत्यादी देशांतून लोक आल्प्स पर्वत ओलांडून तेथे येत. ही पोरे नव्हती. पुष्कळसे प्रौढ होते, कित्येक तर ख्रिस्तमंडळीत अधिकारपदावर असलेले. आजच्या भाषेत त्यांना पदव्युत्तर विद्यार्थी म्हणता येईल. पण विद्वान असोत की श्रीमंत, त्या नगरात ते परके. नगराचा कायदा नागरिकांचे रक्षण करी, परक्यांचे नव्हे. एखादा जर्मन मनुष्य कर्ज बुडवून पळाला, तर सावकार दुसऱ्याच जर्मन विद्यार्थ्याला धरून वसुली करी! सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा ह्याने 1158 च्या सुमारास फर्मान काढून ही चाल बंद केली खरी. परंतु सम्राट दूर आणि घरमालक जवळ. तेव्हा विद्यार्थ्यांनी आपणच संघ स्थापिले. अशा संघाला लॅटिन भाषेत ‘युनिव्हर्सितास’ म्हणत. ‘युनिव्हर्सिटी’ शब्दाचा मूळ अर्थ एवढाच. त्यात शाळेचा संबंध नाही, इमारतीचा तर नाहीच.

कायद्याच्या विद्यार्थ्यांचे असे दोन संघ होते; एक आल्प्सच्या अलीकडच्यांचा, दुसरा पलीकडच्यांचा. प्रत्येकात देशपरत्वे पोटमंडळे असत, आणि संघाचा मुख्य तो रेक्टर. मिशनच्या शाळांतून हा शब्द अजून कानी पडतो, परंतु बोलोन्याचा रेक्टर विद्यार्थीच असे व विद्यार्थीच त्याला निवडीत. तो अविवाहित, चोवीस वर्षांहून कमी नाही असा, आणि पाच वर्षे कायद्याचे अध्ययन केलेला असावा लागे. खुद्द बोलोन्याच्या रहिवाशांना मात्र संघात पूर्ण हक्क नसत. त्यांच्या पाठीशी नगराचा कायदा होताच.

सर्वांत मोठी अडचण घरांची. घरे मोजकी, विद्यार्थी पुष्कळ. भाडे चढत जाई. त्याहून वाईट असे की, एखादा पैसेवाला विद्यार्थी मालकाकडे जाऊन जास्त भाडे कबूल करी, आणि आधीपासून राहत असलेल्या गरीब सोबत्याला बिऱ्हाड उचलावे लागे. पोप तिसरा क्लेमेंट ह्याने 1189 मध्ये ह्या प्रकारास मनाई केली. पुढे भाडी ठरविण्यासाठी चार जण नेमले जाऊ लागले, दोन विद्यार्थ्यांचे व दोन नगराचे. त्यांनी ठरविलेल्या दराहून अधिक जो मालक मागेल, त्याच्या घरात कोणीही विद्यार्थ्याने राहू नये असा संघाचा हुकूम सुटे. घर रिकामे पडले म्हणजे मालकाला न्याय लवकर सुचतो! ह्या व्यवस्थेत आम्हांला विशेष वाटते ते हे की, तिने पहिले बंधन घातले ते मालकावर नव्हे, तर आपल्याच श्रीमंत सोबत्यावर. ते पाळले गेले नसते, तर मालकापुढे कोणाचेच काही चालले नसते.

आजारपणाची सोय पोटमंडळांकडे असे. त्यांपैकी जर्मन मंडळाचे 1289 पासूनचे हिशेब आजही उपलब्ध आहेत. आजाऱ्यांना धीर देणे, गरजूंना साहाय्य करणे, मृत सोबत्याला सन्मानाने पुरणे, भांडणे मिटविणे आणि परीक्षेला जाणाऱ्या उमेदवाराला मिरवत नेणे व परत आणणे, असे ह्या मंडळाचे हेतू सांगितले आहेत. नवा सभासद ऐपतीप्रमाणे प्रवेशाची वर्गणी देई. त्या पेटीतून हा खर्च चाले. देवळातील मेणबत्त्यांवर पुष्कळ पैसा जाई. मेजवानीच्या मद्यावरही बराच जाई, हे वर्गणी भरणाऱ्या पालकांच्या कानी तेव्हा बहुधा गेले नसावे.

आता ह्या संघाचे बळ कशात होते ते पाहू. अध्यापकांचे वेतन प्रारंभी विद्यार्थ्यांच्या फीतून निघे, म्हणून अध्यापक त्यांच्या आज्ञेत असत. एक दिवसाची रजा घ्यावयाची तरी विद्यार्थ्यांची अनुज्ञा लागे. व्याख्यान घंटेबरोबर सुरू न झाले, कठीण भाग गाळला, अथवा श्रोते पाचांहून कमी आले, तर दंड होई! हे वाचून आमचे बालमित्र फार हर्षित होतील. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, हा दंड करणारे स्वतः अभ्यासासाठी देश सोडून आले होते, आणि फुकट गेलेला तास त्यांना पैशाने मोजता येत होता. नगराविरुद्ध त्यांचे शस्त्र निराळे होते. संघाला इमारत नव्हती, व्याख्याने भाड्याच्या जागांतून चालत. त्यामुळे गाऱ्हाणे ऐकले नाही तर सारे उठून दुसऱ्या गावी जाऊ शकत. 1204 मध्ये काही जण विचेन्झास गेले, आणि 1222 मध्ये असे गेले की त्यांतून पादुआचे विद्यापीठ निर्माण झाले. विद्यार्थी गेले म्हणजे घरभाडे, खाणावळी, दुकाने सर्वच बसते. म्हणून संघ नगर सोडणार नाही अशा शपथा घेवविण्याचा नगराने प्रयत्न केला. तेव्हा पोप तिसरा होनोरियस विद्यार्थ्यांच्या बाजूने उभा राहिला.

हे राज्य पुढे ढासळले ते युद्धाने नव्हे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नगर आपल्या तिजोरीतून अध्यापकांस वेतन देऊ लागले, तशी त्यांना नेमण्याची सत्ताही नगराकडे सरकली. सोळाव्या शतकात, 1563 च्या सुमारास, आर्किजिन्नासिओ नावाची भव्य इमारत विद्यापीठासाठी उभी राहिली. तिच्या भिंतींवर सहस्रावधी विद्यार्थ्यांची कुलचिन्हे आजही दिसतात. ती पाहण्यासारखी आहेत. परंतु इमारत पाठीवर घेऊन पादुआस जाता येत नाही.

आज अमेरिकेतील विद्यापीठांतून पदव्युत्तर विद्यार्थ्यांची निवडून दिलेली मंडळे आहेत. त्यांच्यापुढे येणारे प्रश्न तेच: वसतिगृहांची भाडी, आरोग्यविम्याचा हप्ता, आणि विद्यार्थ्यांच्या लहानमोठ्या संघांना वाटावयाचा निधी. सर्व नागरिकांना पुरेल असा सरकारी आरोग्यविमा त्या देशात नाही, म्हणून विम्याचा प्रश्न तेथे विशेष तीव्र असतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेतील मंडळ राहणीच्या खर्चाचा अंदाज काढून विद्यावेतन किती असावे ह्याची शिफारस करीत असे. शिफारसच, हुकूम नव्हे. त्यामुळे कित्येक विद्यार्थ्यांनी मंडळाखेरीज कामगारसंघाचाही आश्रय घेतला आहे. ह्याच संस्थेत 2022 मध्ये तसा संघ मतदानाने स्थापन झाला, आणि त्याच वर्षी 14 नोव्हेंबर रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठात सुमारे 48,000 शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. त्यांत शिकविण्याचे व संशोधनाचे काम करणारे पदव्युत्तर विद्यार्थी फार मोठ्या संख्येने होते. मिळकतीचा मोठा भाग घरभाड्यात जातो, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते.

आमच्या वाचकांच्या घरांतूनही आता थोरले भाऊ-बहिणी अमेरिकेस शिकावयास जातात. प्रवेशाचे पत्र आले म्हणजे पालक प्रथम फीचा आकडा पाहतात. त्यांनी त्याखालचा आरोग्यविम्याचा आकडाही वाचावा, त्या गावातील खोलीचे भाडे विचारावे, आणि तेथील विद्यार्थिमंडळाला पत्र लिहून भाड्याची खरी माहिती मागवावी. ही माहिती ते मंडळ बहुधा आनंदाने देते.