नमुचीची सेना

नवरात्रात लालबाग-परळच्या मंडपांत देवीच्या पायाशी पडलेला महिषासुर आपली मुले पाहतात. राक्षस बाहेर असतो आणि त्याला दुसऱ्या कोणीतरी मारायचे असते, अशी समजूत त्यातून दृढ होते.

सुत्तनिपातातील ‘पधान सुत्त’ निराळा धडा देते. नेरंजरेच्या तीरी बोधिसत्त्वांसमोर नमुची, म्हणजेच मार, सेनेसह उभा राहतो. वेदांत इंद्राने मारलेल्या असुराचे हे नाव. परंतु येथे त्याच्या सेनेत हत्ती-घोडे नाहीत. कामवासना, अरती, भूक-तहान, तृष्णा, आळस, भीती, संशय, दंभ व ताठा, लाभ-कीर्तीचा लोभ, आणि शेवटी स्वतःस थोर व इतरांस तुच्छ लेखणे, अशी ती दहा दळे होत. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही मारसेनेचा अर्थ मनातील दुष्ट विचार व विकार असाच केला.

यांतील दहावे दळ आम्हांस सर्वांत घातक वाटते, कारण जातीचा पायाच तो आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपण धम्म स्वीकारला. तरी सोयरीक जुळवताना पोटजात विचारली जाते, तेव्हा नमुची आपल्याच उंबरठ्याच्या आत असतो. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर नतमस्तक होताना, विद्यार्थीहो, प्रथम तेथे शोध घ्या.