दवाखान्याची तयारी शाळेतून : स्वमग्न मुलासाठी आपण काय करू शकतो?



माझ्या वर्गात दुसरीला एक स्वमग्न मुलगा आहे. तो बोलत नाही, पण वर्गातल्या प्रत्येक वस्तूची जागा त्याला पाठ आहे. मागच्या पावसाळ्यात तो सारखा स्वतःच्या गालावर मारून घ्यायला लागला. आम्हाला वाटलं, हट्ट करतोय. पंधरा दिवसांनी त्याची आई म्हणाली, "गुरुजी, हा भाकर एकाच बाजूनं चावतो." तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. दाढ किडली होती.

त्याला घेऊन आम्ही एका दवाखान्यात गेलो. दीड तास बाकावर बसलो. गर्दी, लहान पोरांचं रडणं, फिनेलचा वास. आत टॉर्च तोंडाशी येताच तो किंचाळून पळाला. मग आम्ही चौघांनी त्याला धरलं. पाय मी धरले होते. दाढ तशीच राहिली आणि पुढे महिनाभर तो जीपमध्येसुद्धा बसेना.

चूक त्याची नव्हती, आमची होती. धडा न शिकवताच आम्ही त्याला परीक्षेला बसवलं होतं.

असं का होतं?

स्वमग्न मुलांपैकी अनेकांना आवाज, उजेड, वास आणि स्पर्श आपल्यापेक्षा जास्त जाणवतात. पुढे काय होणार हे कळलं नाही की भीती वाढते. दुखतंय हे काही मुलांना सांगता येत नाही. म्हणून वागणं अचानक बदललं, मूल मारून घ्यायला लागलं, जेवण-झोप बिघडली, तर आधी शरीरात कुठे दुखतंय का ते पाहावं.

आपल्याकडे पाड्यावरून मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात जायचं म्हणजे आईबापाची दिवसाची मजुरी बुडते. खेप फुकट गेली की पुढची खेप होतच नाही. म्हणून तयारी आधी हवी.

आम्ही वर्गात काय केलं?

१. चित्रांची पट्टी : घर, जीप, दवाखान्याचं गेट, केसपेपरची खिडकी, बाक, डॉक्टर, टॉर्च आणि शेवटी परत घर, अशी आठ चित्रं काढली. एक टप्पा झाला की ते चित्र उलटं करायचं. घराचं चित्र शेवटी हवंच. हे संपणार आहे, हे त्याला दिसलं पाहिजे. कॅरोल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९० च्या सुमारास 'सोशल स्टोरी' ही पद्धत सुरू केली. आमची पट्टी म्हणजे त्याचंच साधं रूप.

२. रोज पाच मिनिटं सराव : पहिले दोन दिवस टॉर्च फक्त त्याच्या हातात दिला. मग त्यानं माझ्या तोंडात पाहिलं, मग बाहुलीच्या आणि मग मी त्याच्या. स्टीलचा चमचा गालाला लावायचा, एक ते दहा मोजायचं आणि थांबायचं. नको म्हणाला की त्या दिवशी तिथंच थांबायचं.

३. मास्कची ओळख : बोहाड्यातले मुखवटे आपल्या पोरांना माहीत असतात, पण डॉक्टरांचा मास्क त्याला घाबरवत होता. मी त्याच्यासमोर मास्क घातला, काढला, पुन्हा घातला. आत गुरुजीच आहेत, हे त्याला कळलं.

४. खरं सांगणं : "काहीच दुखणार नाही" असं सांगू नये. "टोचेल, दहा मोजू, संपेल" असं सांगावं. आणि हे त्याच्या घरच्या बोलीत सांगावं. आमच्याकडे ते काम आईनं वारलीत केलं.

जायच्या दिवशी

- आठवडी बाजाराचा दिवस टाळा. डॉक्टरांना आधी भेटून गर्दी कमी असलेली वेळ विचारा.
- एकानं रांगेत थांबावं, मुलाला बाहेर झाडाखाली बसवावं.
- कानावर घ्यायला रुमाल किंवा टोपी आणि हातात आवडीची वस्तू असू द्या.
- डॉक्टरांना एक चिठ्ठी द्या. आमची अशी होती : "हा स्वमग्न आहे. बोलत नाही, पण ऐकतो. हात लावण्याआधी वस्तू दाखवा. दहा मोजा. एका वेळी एकानंच बोला."

पहिल्या खेपेला फक्त खुर्चीत बसायचं ठरवलं तरी चालेल. तेवढं जमलं तरी ती खेप फुकट गेली असं समजू नये.

शाळेची आरोग्य तपासणी हाही सरावच

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमधूनच झाली. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावं, अशी योजना आहे. विकासातल्या अडचणींची तपासणीही त्यात येते. पथक येण्याआधी आठवडाभर वजनकाटा आणि उंचीच्या पट्टीचा खेळ घ्या. आपल्या मुलाबद्दल पथकाला आधीच सांगून ठेवा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र काढायचं म्हणजे पुन्हा तपासणी आलीच. त्यामुळे ही तयारी एका दाढेपुरती नाही.

आमच्या मुलाची दाढ तिसऱ्या खेपेला निघाली. तो रडला, पण कुणाला धरावं लागलं नाही. दहा मोजून झाल्यावर त्यानं टॉर्चचं चित्र स्वतःच्या हातानं उलटं केलं आणि घराच्या चित्रावर बोट ठेवलं. आई म्हणाली, "चला गुरुजी, घरी जायचं म्हणतोय."